वन्स मोअरवाली बाई

"इथून पुढे हे नाहीत," बाई म्हणाल्या.

सुधाकरने डेकचं पॉजचं बटण दाबलं. फिरोजने माझ्याकडे पाहिलं, मी फिरोजकडे. त्या काय म्हणताहेत ते आम्हा तिघांपैकी कोणालाच कळलं नव्हतं, पण राग मात्र तिघांनाही आला होता.

"नाहीत म्हणजे काय वहिनी?" सुधाकरने विचारलं.

"म्हणजे हा आवाज ह्यांचा नाही. सुरुवातीची गाणी ह्यांचीच आहेत, त्यात वाद नाही. पण मग दुसरं कोणीतरी उभं राहिलं ब्वा गायला."

सत्त्याण्णव साल होतं ते. दिवाळी नुकतीच झाली होती आणि सुधाकर फेगडेच्या खडकीच्या घरात चकलीचा शेवटचा डबा आमच्यासमोर उघडा होता. दर रविवारी दुपारी आम्ही तिथे जमायचो. सुधाकर टेलिफोन खात्यात होता, फिरोज तडवीचं स्कूटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि मी, वृंदा कानडे, एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. आमच्यात समान गोष्ट एकच होती. आम्ही तिघंही 'होम सिग्नल'चे भक्त होतो.

होम सिग्नल म्हणजे भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या चार पोरांचा बँड. मराठीत रॉक गायचे, तेही अशा काळात की लोक तोंडावर हसायचे. मुरली किरंगे गायचा. त्यांची एकही कॅसेट कधी बाजारात आली नाही. जे काही उरलं ते लोकांनी कार्यक्रमात मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलेलं. त्यात कोणाचं पोर रडतंय, कोणी खुर्ची सरकवतंय, आणि त्या सगळ्यातून मुरलीचा आवाज येतोय. हे असं जमेल तिथून मिळवायचं, एकमेकांना पोस्टाने पाठवायचं आणि मग त्यावर पानंच्या पानं वाद घालायचा, हा आमचा उद्योग. माझी आई त्याला रिकामटेकडेपणा म्हणायची. मला अजूनही तो शब्द पुरेसा वाटत नाही.

या उद्योगाचं मुख्यालय म्हणजे सुधाकरचं कपाट. तो मूळचा भुसावळचा, मुरलीच्या गल्लीतला. त्याने नियम घालून दिले होते. कॅसेटमधलं काहीही कापायचं नाही, कोणाचा खोकलासुद्धा नाही. कॉपी डबल स्पीडवर करायची नाही, गाणं जेवढा वेळ चालतं तेवढाच वेळ कॉपीला द्यायचा. आणि कॉपी होत असताना खोलीत कोणी बोलायचं नाही. खरं तर कॉपी वायरमधून होते, खोलीतला आवाज त्यात जात नाही. हे मी त्याला अनेकदा सांगून पाहिलं होतं. "जात नाही, पण बरं दिसत नाही," असं तो म्हणायचा. मूळ कॅसेटला आम्ही आई म्हणायचो, तिच्यावरून केलेली ती मुलगी, मग नात. पणती कोणी पाठवली तर सुधाकर ती शेजाऱ्यांना भजनं भरायला देऊन टाकायचा.

आणि त्या दुपारी डेकमध्ये होती ती आई होती. शेवटच्या कार्यक्रमाची. भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल, डिसेंबर महिना. सुधाकरने स्वतः पहिल्या रांगेत बसून भरलेली. त्यानंतर त्याच आठवड्यात मुरली गेला.

ही कॅसेट ऐकली नाही असा होम सिग्नलचा माणूस नव्हता. सुरुवात साधीच होते. पण अर्ध्यानंतर मुरली हळूहळू चढत जातो. गाण्यांचा वेग वाढतो, आवाज वर वर जातो, आणि शेवटच्या 'रात्रपाळी'ला तर तो असा सुसाट सुटतो की ऐकणाऱ्याला धाप लागावी. ओळी संपताना तो मध्येच एक झटका देऊन 'ह्हा, ह्हा' असा श्वास घ्यायचा. ती त्याची खास लकब असं आम्ही ठरवलं होतं. मी पोळ्या लाटताना तसं करायची. त्याला मरण कळलं होतं आणि म्हणून तो असा गायला, असं सोलापूरच्या एका सभासदाने लिहिलं होतं, आणि ते आम्हाला सगळ्यांना पटलं होतं.

शिवाय त्या कॅसेटमध्ये ती बाई होती. कार्यक्रम संपतो, टाळ्या पडतात, आणि अगदी जवळून एक बाई चिरक्या आवाजात ओरडते, "वन्स मोअर! वन्स मोअर, मुरली!" मग मुरली काहीतरी पुटपुटतो आणि पुन्हा 'रात्रपाळी' सुरू करतो. ही दुसऱ्यांदा म्हटलेली 'रात्रपाळी' म्हणजे आमचा कोहिनूर. आणि तो मिळवून देणारी ती बाई कोण, हा आमचा कायमचा विषय. सुधाकर म्हणायचा, माझ्या मागच्या रांगांत बायका होत्या, त्यांतली कोणीतरी असणार. आमच्यात बाई मी एकटीच, त्यामुळे नवीन कोणी जोडला गेला की पहिल्या पत्रात हमखास विचारायचा, ती तुम्हीच का? मी मुरलीला कधी प्रत्यक्ष ऐकलंच नव्हतं. तसं मी कळवायची, पण थोडं उशिराच कळवायची. ती बाई मला आवडायची. त्या सगळ्या पुरुषी हॉलमध्ये लाज सोडून ओरडणारी एक तरी होती, याचं मला बरं वाटायचं.

तर अशा कॅसेटबद्दल मुरलीची सख्खी बायको समोर बसून म्हणत होती की हा मुरलीच नाही.

"वहिनी, मी तिथं होतो," सुधाकर म्हणाला. "मांडीवर टेप घेऊन पहिल्या रांगेत. दुसरं कोणी गायलं नाही."

"तुम्ही होता हे मला माहीत आहे, सुधाकरभाऊ. म्हणून तर तुमच्याकडे आले."

"मग?"

कल्पनावहिनींनी चकलीचा तुकडा बशीत परत ठेवला. साधी कॉटनची साडी, हातात एक घड्याळ, पुरुषी पट्ट्याचं. रेल्वेच्या शाळेत त्या शिकवायच्या, आणि शिकवणाऱ्या माणसासारख्याच न थांबता, न चढता बोलायच्या.

"त्या दिवशी ह्यांना ताप होता," त्या म्हणाल्या. "दोन जिने चढून आले की दम लागायचा. मी म्हटलं, जाऊ नका. हे म्हणाले, लोक येऊन बसले असतील, आता नाही कसं म्हणू. गेले. परत आले ते कॉटवर आडवेच झाले. मग दवाखाना, मग न्यूमोनिया, मग सगळं संपलंच. आणि वर्षश्राद्धाला मोठ्या दिरांनी ही कॅसेट लावली, सगळ्या नातेवाइकांसमोर. तुम्हीच पाठवली होती ना त्यांना?"

"आठवण म्हणून पाठवली होती," सुधाकर म्हणाला. नियमाप्रमाणे थेट आईवरून केलेली मुलगी होती ती, चांगल्या कॅसेटवर. आम्ही तिघांनी मिळून तिचं वेष्टण केलं होतं.

"मी आत स्वयंपाकघरात होते. दीर सगळ्यांना म्हणाले, ऐका, आजारी माणूस असा गातो का? ठणठणीत होता माझा भाऊ. घरी आल्यावर काय झालं ते हिलाच विचारा." त्यांनी घड्याळाचा पट्टा फिरवला. "तेव्हापासून मला कोणी विचारलं नाही. नुसतं बघतात. माझ्या सासूबाई जाताना सुद्धा माझ्याकडे तशाच बघत गेल्या."

फिरोजने डब्याचं झाकण लावलं.

"मला आता माझंच कळेनासं झालंय," त्या म्हणाल्या. "ताप होता तो मी माझ्या हाताने पाहिलाय. पण ही कॅसेट ऐकली की वाटतं, आपल्याला भास तर झाला नसेल? माणूस असा गाऊन येतो, आणि आपण म्हणतो त्याला उभं राहवत नव्हतं. दोन्ही खरं कसं असेल? कोणीतरी म्हणालं, कॉपी करताना आवाज बदलतात. म्हणून म्हटलं, मूळ ऐकावी. मुळात हेच असलं, तर मग माझंच चुकलं म्हणायचं आणि गप्प बसायचं."

हे ऐकून मला फार विचित्र वाटलं. ती कॅसेट हे माझ्या आयुष्यातलं एक आनंदाचं ठिकाण होतं. आजारी पडले, बढती हुकली, लग्न मोडलं, की मी ती लावायची. आणि त्याच कॅसेटने या बाईला तिच्या घरात खोटं पाडलं होतं. या दोन गोष्टी एका डोक्यात मावत नव्हत्या.

"पुढे लाव," मी सुधाकरला म्हटलं. "सगळं ऐकू देत त्यांना."

कॅसेट पुढे चालू झाली. मुरली चढत गेला. वहिनी मान खाली घालून ऐकत होत्या आणि मधूनमधून मान हलवत होत्या, नाही, नाही. मला मध्येच वाटायचं, खरंच की, हा वेगळाच कोणीतरी आहे. मग वाटायचं, छे, हाच तो. फिरोजच्या डोक्यात आता नवीन कल्पना शिजायला लागली होती.

"बेसवाला गायला असेल," तो कुजबुजला. "मुरलीला बरं नव्हतं म्हणून मध्येच तो उभा राहिला असेल."

"फिरोज, मी तिथं होतो," सुधाकर पुन्हा म्हणाला. या वेळी तो चिडला होता.

टाळ्या पडल्या. ती बाई ओरडली. वहिनींनी डोकं वर केलं आणि माझ्याकडे पाहिलं, जणू मीच ओरडले होते. मग दुसऱ्यांदा 'रात्रपाळी' सुरू झाली आणि पहिल्याच कडव्यात, मागून कुठून तरी, लांबलचक भोंगा वाजला. तो आम्हाला पाठ होता. भुसावळच्या इंजिनांच्या शेडचा, पाळी बदलल्याचा भोंगा. 'रात्रपाळी' गाण्यात नेमका पाळीचा भोंगा वाजावा, यावर आम्ही किती लिहिलं होतं त्याला हिशेब नाही.

"हा भोंगा पण आमचा नाही," वहिनी म्हणाल्या.

आता मात्र फिरोजला हसू आवरेना. "वहिनी, तुम्ही म्हणाल हॉल पण भुसावळचा नाही."

"हसू नका. मी त्या भोंग्यावर सासरी आयुष्य काढलं. तो भरडा आहे. पोटात वाजतो. हा असा पिपाणीसारखा नाही. सुधाकरभाऊ, तुम्ही सांगा. तुम्ही तर शेडच्या भिंतीला लागून राहायचे."

सुधाकरने कॅसेट मागे घेतली, भोंगा पुन्हा लावला. पुन्हा मागे घेतली, पुन्हा लावला. मी त्याचा चेहरा बघत होते. एखाद्याला आपल्याच घराचा पत्ता सांगता येऊ नये तसा तो झाला होता.

"भोंगा असा नव्हता," तो शेवटी म्हणाला. "वहिनी बरोबर बोलतात. मी एवढी वर्षं ऐकतोय, पण... असा नव्हता तो."

"म्हणजे कॅसेटच भुसावळची नाही?" फिरोजने विचारलं.

"मी भरलीय ती. माझ्या मांडीवर."

इथे आम्ही सगळे पुरते गोंधळलो. बाईला नवरा पटत नव्हता, सुधाकरला भोंगा पटत नव्हता, आणि तरी कॅसेट सुधाकरने स्वतः, त्याच हॉलमध्ये, त्याच दिवशी भरली होती. तिघंजण एकाच वेळी बोलत होते. फिरोज म्हणत होता की शेडला दुसरा भोंगा असेल. सुधाकर म्हणत होता, दुसरा नव्हता. वहिनी म्हणत होत्या, भोंग्याचं राहू द्या, माझ्या माणसाचं सांगा. मी उठून खिडकीशी गेले. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती आधी घरघरली, मग ॲक्सिलेटर पिळल्यावर तिचा आवाज बारीक होत वर गेला. रोज ऐकू येतो असाच आवाज, पण मी तिथेच उभी राहिले.

"सुधाकर," मी म्हटलं. "मुरलीचा आवाज बारीक. भोंगाही बारीक."

"मग?"

"भोंग्याला कुठे मरण कळलं होतं?"

फिरोज आधी उठला. मशीन म्हटलं की तो आमच्यापेक्षा हुशार. "सेल," तो म्हणाला. "सुधाकर, त्या दिवशी सेल नवीन होते का?"

"सकाळी टाकले होते की."

"सकाळी. आणि कार्यक्रम संध्याकाळी. मध्ये काय केलंस?"

"काही नाही. तालीम भरली दुपारी. मग ती ऐकत बसलो..." सुधाकरचं वाक्य तिथेच राहिलं.

फिरोजने वहिनींना सावकाश समजावून सांगितलं. सेल उतरत गेले की भरताना टेप हळू फिरते. तीच टेप नंतर घरच्या विजेवर नीट वेगाने लावली, की हळू भरलेलं जलद वाजतं आणि आवाज बारीक होतो. सेल जसजसे उतरत जातील तसतसं आणखी जलद, आणखी बारीक. सुरुवातीला सेल ठीक होते, म्हणून सुरुवातीचा मुरली ओळखू येतो. शेवटी ते पार संपत आले होते.

"म्हणजे हेच आहेत?" वहिनींनी विचारलं. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. हेच असतील तर काय, हा त्यांचा प्रश्न अजून तिथेच होता.

"आता कळेल," फिरोज म्हणाला. त्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर असायचाच. सुधाकरने त्या डेकला आजवर कोणाला फडकंही लावू दिलं नव्हतं. आता फिरोजने त्याचं झाकण उघडलं तरी तो काही बोलला नाही. मोटारच्या मागे एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की वेग कमीजास्त होतो. फिरोजने भोंग्याची जागा लावली आणि स्क्रू फिरवायला सुरुवात केली.

भोंगा जरासा खाली आला.

"अजून," वहिनी म्हणाल्या.

आणखी खाली आला.

"अजून थोडा," सुधाकर म्हणाला. त्याने डोळे मिटले होते.

आणखी. मग एकदम वहिनी आणि सुधाकर दोघंही एकाच वेळी म्हणाले, "हा." तो भरडा, जड आवाज त्या खडकीच्या खोलीत भरून राहिला आणि सुधाकरच्या बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

"आता शेवट पहिल्यापासून लाव," मी म्हटलं. "पहिल्या 'रात्रपाळी'पासून."

ते गाणं मला तोंडपाठ होतं, आणि ते मी पहिल्यांदा ऐकत होते. तो सुसाट सुटलेला माणूस कुठेच नव्हता. ड्रमवाला सावकाश वाजवत होता, गायकाला सांभाळून घेत होता. मुरली ओळीच्या शेवटी पोचत नव्हता. शेवटचा शब्द तो सोडून द्यायचा आणि गिटारवाला ती जागा भरायचा. आणि ती आमची लाडकी लकब, 'ह्हा, ह्हा', ती आता लांब झाली होती. तो माणूस श्वास ओढत होता. दोन ओळींच्या मध्ये, माइकपासून तोंडही न वळवता, छातीतून खरखर करत श्वास ओढत होता. एका जागी त्याला खोकल्याची उबळ आली. ती आम्ही इतकी वर्षं ड्रमचा काहीतरी खास तुकडा समजत होतो. मी पोळ्या लाटताना ज्याची नक्कल करायची ते हे होतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

वहिनी हलल्या नाहीत. "हे," त्या एवढंच म्हणाल्या. "हेच आमचे."

थोड्या वेळाने त्यांनी डोळ्यांना पदर लावला, पण त्या ताठ बसल्या होत्या. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी पाठ खुर्चीला टेकवली.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. आता त्याही विरळ वाटत होत्या. आणि मग ती बाई ओरडली.

ती बाई नव्हती.

"वन्स मोअर! वन्स मोअर, मुरली!" अगदी जवळून, मांडीवरच्या टेपरेकॉर्डरच्या वर फूटभर अंतरावरून. तो आवाज दर रविवारी मला दार उघडून "ये गं" म्हणायचा. तो कोणाचा आहे हे कोणी सांगायची गरज नव्हती. फिरोज स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिला.

मग मुरली काहीतरी पुटपुटला. आता ते कळत होतं. "आता नको रे," तो म्हणत होता. "बरं, चल. एकच." आणि त्याने पुन्हा सुरू केलं.

सुधाकरने कॅसेट थांबवली नाही. ती थांबवायचंही त्याला सुचलं नाही. गाणं शेवटपर्यंत वाजलं, त्यात भोंगा वाजला, आणि मग कोरी टेप फिरत राहिली.

"तुम्ही होता," वहिनी म्हणाल्या.

"मला आठवत नाही," सुधाकर म्हणाला. "देवाशपथ, वहिनी. मी ओरडलो हे मला आठवतच नाही. मला वाटायचं, मागून कोणी बाई..."

"ते असू द्या. तुम्ही समोर बसला होता. मला एक सांगा, ते कसे दिसत होते? उभे होते, की बसून गायले? घाम आला होता का?"

सुधाकरने तोंड उघडलं. मी त्याला वर्षानुवर्षं त्या कार्यक्रमाचं वर्णन करताना ऐकलं होतं. मुरली कसा उड्या मारत होता, कसा घामाने चमकत होता, शेवटच्या गाण्याला कसा स्टेजच्या कडेला आला होता. नव्या माणसांना तो ते उभं राहून करून दाखवायचा. आता तो कितीतरी वेळ आपल्या दोन हातांकडे बघत राहिला.

"मला टेपच आठवते, वहिनी," तो म्हणाला. "बाकी काही नाही. मला नुसती टेप आठवते."

त्या त्याला काहीच बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याने नंतर मला अनेकदा सांगितलं. त्यांनी पर्समधून एक कोरी कॅसेट काढली. घरूनच घेऊन आल्या होत्या.

"याच वेगावर करून द्या," त्या म्हणाल्या. "दिरांना ऐकवायची आहे."

फिरोजने दुसरा डेक जोडला. सुधाकरने नेहमीसारखं काळजीपूर्वक दोन्ही टोकं लावली आणि कॉपी सुरू केली. आम्ही नियमाप्रमाणे गप्प बसलो. तो नियम कशासाठी होता ते मला त्या दिवशी कळलं असं मी म्हणणार नाही, पण तोडावासा वाटला नाही. मुरली पुन्हा श्वास ओढत गायला. टाळ्या जवळ आल्या तसा सुधाकरचा हात पुढे सरकला आणि बोट पॉजवर जाऊन थांबलं. त्याने नुसतं वहिनींकडे पाहिलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "कापलं तर म्हणतील, मध्ये काहीतरी लपवलंय."

बोट तिथेच राहिलं. सुधाकरचा आवाज ओरडला आणि दुसऱ्या कॅसेटवर उतरला.

दिरांनी ती ऐकली. त्यांनी काय म्हटलं ते वहिनींनी कळवलं नाही. पुढच्या दिवाळीला मात्र त्यांच्याकडून सुधाकरच्या घरी फराळाचा डबा आला, त्यावर दिरांच्याच अक्षरात पत्ता होता.

आमच्या मंडळींना आम्ही खरी कॅसेट पाठवली. निम्म्यांनी परत केली. सोलापूरकरांनी लिहिलं की ही मुद्दाम संथ केलेली, बनावट आहे, आमचा मुरली असा नाही. त्यांच्यावर मी चिडायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मलाही कधीकधी जुनीच ऐकावीशी वाटते, आणि ऐकताना कोण गातंय ते मला कळत नाही.

आता कॅसेटी गेल्या. सगळं फोनवर आलं आहे. होम सिग्नलचा एक ग्रुप आहे, त्यात तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी मुलं आहेत, आणि ती अर्थातच जलद 'रात्रपाळी'च फिरवत असतात. सुधाकरही त्यात आहे. निवृत्त होऊन भुसावळला परत गेला. ग्रुपवर तो सगळं वाचतो आणि कधी एक अक्षर लिहीत नाही.

मागच्या महिन्यात तिथे एका मुलीने विचारलं, त्या रेकॉर्डिंगमधली वन्स मोअरवाली बाई कोण ते कोणाला माहीत आहे का? खाली अंदाज सुरू झाले. कोणी म्हणे मुरलीची मैत्रीण, कोणी म्हणे बायको. मग एकाने लिहिलं, आवाज नीट ऐका, मला तर वाटतं टेप जलद आहे आणि हा कोणीतरी पुरुष आहे, रेकॉर्ड करणाराच असेल.

मी चष्मा लावला आणि लिहिलं, "ती मीच. पहिल्या रांगेच्या मागे बसले होते."

लोकांनी हात जोडल्याच्या खुणांचा पाऊस पाडला. त्या मुलीने विचारलं, कसा दिसत होता हो तो? मी लिहिलं, दमलेला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सुधाकरचा फोन आला. गुडघ्यांबद्दल बोलला, भुसावळच्या उन्हाबद्दल बोलला, शेडचा भोंगा आता बंद केलाय म्हणाला. फोन ठेवता ठेवता मुद्द्यावर आला.

"वृंदा," तो म्हणाला, "तू त्या दिवशी भुसावळला नव्हतीस."

"तुला काय माहीत?" मी म्हटलं. "तुला तर नुसती टेप आठवते."